तीनशे पानांचा हिशेब

मुंबईत परिषद असो, साखरपुडा असो की संस्थेचा सुवर्णमहोत्सव, हॉल ठरला की केटरर पहिला प्रश्न विचारतो, ‘पानं किती धरायची?’ कार्यक्रम पर्यावरणाला किती जड जाणार, यातलं बरंचसं त्या उत्तरात ठरून जातं. उरलेलं ठरतं पाहुणे कुठून आणि कसे येणार यावर. कापडी पिशव्या आणि कागदी पेनं यांचा नंबर पुष्कळ खाली लागतो, आणि नेमकं त्यांच्यावरच आयोजकांचं लक्ष सगळ्यात जास्त असतं.

दोन दिवसांची, 300 माणसांची परिषद धरू. विमानाने दिल्ली-मुंबई-दिल्ली केलं की माणशी सुमारे 200 ते 250 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हॉलच्या एसीने दोन दिवसांत 600 युनिट वीज खाल्ली, तर आपल्या ग्रिडच्या सरासरीने (युनिटमागे साधारण 0.7 किलो) तो आकडा 420 किलोच्या आसपास येतो. म्हणजे दिल्लीचे दोन पाहुणे आले की सगळ्या सभागृहाचा गारवा वसूल! म्हणून वक्त्यांची यादी करतानाच एक प्रश्न विचारावा: वीस मिनिटं बोलायला कोणाला विमानाने बोलवायचं आणि कोणाला पडद्यावर? जे येणारच आहेत त्यांच्याकडून एकाच फेरीत व्याख्यान, कार्यशाळा आणि बैठक अशी तिन्ही कामं उरकून घ्यावीत.

पुण्याच्या पाहुण्यांसाठी तर नुसती वेळ बदलली तरी पुरतं. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघालेली डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचते आणि संध्याकाळी 5.10 ला परत निघते. दादर-फोर्ट भागातलं उद्घाटन नऊऐवजी अकराला ठेवा आणि साडेचारला आवरा. अनेक गाड्या एक्स्प्रेसवेवर येणारच नाहीत आणि हॉटेलच्या खोल्याही वाचतील. निमंत्रणपत्रिकेवर पार्किंगची माहिती ठळक असते, पण स्टेशनच्या कोणत्या बाजूला उतरायचं, कोणता पूल घ्यायचा, चालत किती मिनिटं, हे नसतं. त्या दोन ओळी न चुकता छापाव्यात.

आता जेवण. 300 आमंत्रणं गेली की 300 जण येतात असं नाही, पण केटररशी झालेल्या करारात किमान पानांचा आकडा असतो आणि तेवढं शिजतंच. उपाय करारातच करावा लागतो. पक्का आकडा 48 तास आधी द्यायची मुभा मागून घ्यावी आणि स्वयंपाक दोन टप्प्यांत ठेवावा. चिरलेली भाजी, भिजवलेले तांदूळ, मळलेली कणीक सगळ्या पानांची तयार असू द्यावी, पण मसालेभाताचं दुसरं पातेलं आणि पुऱ्यांचे पुढचे घाणे रांग बघूनच चढवावेत. कच्चा माल दुसऱ्या दिवशी चालतो, शिजलेला भात चालत नाही. जेवणात पुऱ्या आणि गोड असेल तर मसालेभाताला माणशी 60 ते 75 ग्रॅम तांदूळ पुरतात. 100 ग्रॅम धरले की उरणारच.

बुफेत पानात टाकलं जातं त्याला माणसांचा हावरेपणा क्वचितच कारणीभूत असतो. रांग लांब असली की ‘पुन्हा कोण उभं राहणार’ म्हणून माणूस एकदाच ताट भरून घेतो. म्हणून 300 माणसांना एक टेबल न मांडता दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतील अशी तीन टेबलं मांडावीत, ताटली लहान ठेवावी आणि गोड पदार्थाशी वाढपी उभा करावा. पंगतीत वाढपी ‘थोडं वाढू?’ विचारतो, आणि ‘पुरे’ म्हणायची सोय तिथेच असते. जागा असेल तर पंगतीसारखं काही नाही.

पदार्थ निवडताना एक गैरसमज दूर करावा. शाकाहारी म्हणजे आपोआप हलका, असं नसतं. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं आणि त्या दुधामागे गाई-म्हशींच्या रवंथातून सुटणारा मिथेन असतो. मटकीची उसळ, अळूची भाजी, वालाचं बिरडं यांचा भार त्याच्या मानाने किती तरी कमी. एक पनीर, एक खीर आणि वर आइस्क्रीम असा मेन्यू असेल, तर त्यातलं एक काढलं तरी कोणाला उणं वाटत नाही.

उरलेलं अन्न वाटायचं असेल तर त्याची तयारी आधी हवी. रात्री साडेदहाला फोन फिरवून कोणी मिळत नाही. कोणती संस्था येणार, किमान किती पानं झाली तर येणार, डबे कोणाचे, हे आठवडाभर आधी ठरवावं. टेबलावर मांडलेलं अन्न द्यायचं नाही. फक्त भटारखान्यात झाकून, 60 अंशांच्या वर गरम ठेवलेलं द्यायचं. भाताच्या बाबतीत तर फारच सांभाळावं लागतं. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात, भात कोमट होऊन पडून राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. भात दोन तासांहून जास्त कोमट राहिला असेल तर तो कोणाच्याही पानात जाता कामा नये, गरिबाच्या तर नाहीच.

ताटल्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: मंडपवाल्याकडून भाड्याची स्टीलची ताटं घ्यावीत. मात्र ती वाहत्या नळाखाली धुतली तर हजारो लिटर पाणी जातं. खरकटं पुसणं, साबणाचा टब, साध्या पाण्याचा टब आणि शेवटी गरम पाण्याचा टब, अशी पद्धत करारात लिहून घेतली की तेच काम काही शे लिटरमध्ये होतं. स्टील शक्यच नसेल तर पत्रावळी, सुपारीच्या पानाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या ताटल्या. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तो कागदाच्या रद्दीत जात नाही. मक्यापासून बनवलेला ‘विघटनशील’ पेला दिसतो प्लॅस्टिकसारखाच आणि त्याला कुजायला सुमारे 60 अंशांचं औद्योगिक कंपोस्टिंग लागतं. सोसायटीच्या खतखड्ड्यात तो महिनोन्‌महिने तसाच राहतो.

पाण्याच्या बाटल्यांचा कार्बन फार मोठा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माणशी दिवसाला तीन धरल्या तर 1,800 बाटल्या आणि वीस-बावीस किलो प्लॅस्टिक. पण कचऱ्याचं माप वेगळं आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत प्लॅस्टिक किती होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. वीस लिटरचे जार, स्टीलचे पेले आणि पेले धुणारा एक माणूस. एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

सगळ्यात जास्त घोटाळा कचऱ्याच्या डब्यांपाशी होतो. ताट हातात, गप्पा चालू, समोर तीन रंगांचे डबे, आणि माणूस जवळच्या डब्यात सगळं सोडून मोकळा होतो. आमटीत भिजलेला एक टिश्यू कोरड्या कागदात पडला की आजूबाजूचा कागदही रद्दीवाला घेत नाही. म्हणून डबे कोपऱ्याकोपऱ्यात विखरू नयेत. एकाच ठिकाणी ठेवावेत आणि तिथे पूर्ण वेळ एक माणूस उभा करावा. ताट त्याने घ्यावं, पाहुण्याने फक्त द्यावं. खरकट्याच्या डब्यावर मोठी चाळणी ठेवावी. पातळ आमटी, तेल आणि ताक निथळून गेलं नाही तर खताच्या ढिगातल्या फटी भरतात, हवा बंद होते आणि दुसऱ्याच दिवशी वास सुटतो. निथळलेल्या खरकट्यात निदान तेवढ्याच आकारमानाचा कोरडा पालापाचोळा किंवा कोकोपीट मिसळावं. मूठभर घेऊन दाबल्यावर बोटांतून एखादाच थेंब यावा, इतपतच ओल बरी. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे परवाना नसलेल्या जागेत शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर महापालिकेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागायचं. आताही वॉर्ड ऑफिसला आधी फोन केलेला बरा, ओल्या कचऱ्याच्या गाडीची वेळही तिथेच ठरते.

एसीचं थोडक्यात. बसलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता सोडतो. 300 माणसं म्हणजे हॉलमध्ये तीस इस्त्र्या चालू. अशा वेळी 18 वर लावल्याने हॉल लवकर थंड होत नाही, फक्त तासाभराने शाली निघतात. 24 ते 25 पुरे. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. नोंदणीची टेबलं मात्र दाराबाहेर हवीत, नाहीतर उघड्या दारातून येणारी दमट हवा सुकवण्यातच निम्मी मेहनत जाते. मोकळ्या मैदानात डिझेल जनरेटरऐवजी वीज कंपनीकडून तात्पुरतं कनेक्शन घ्यावं. गरजेपेक्षा मोठा जनरेटर कमी भारावर चालला की डिझेल जास्त खातो आणि काजळी जास्त ओकतो, तीही जेवणाच्या मंडपाशेजारी.

सजावटीत थर्माकोल कायद्यानेच बाद आहे. पण फुलांच्या रचनेतला तो हिरवा, पाणी शोषणारा स्पंज अजून सर्रास दिसतो. तो फिनॉलिक प्लॅस्टिकचा असतो, बोटाने चुरला की त्याची पूड नाल्यात जाते. दादरच्या फुलबाजारातला झेंडू दोऱ्यात ओवला तर तो संध्याकाळी सरळ खतात जातो, दोरा सुती असेल तर दोऱ्यासकट.

कार्यक्रम संपल्यावर खरकट्याचे डबे ताणकाट्यावर तोलावेत, रिकाम्या डब्याचं वजन वजा करावं आणि आलेला आकडा प्रत्यक्ष जेवलेल्या पानांनी भागावा. माणशी 100 ग्रॅमच्या वर गेलं असेल तर डब्यात वर काय दिसतं ते बघून घ्यावं. भात दिसला तर पुढच्या वेळी तांदूळ कमी करायचे, पुऱ्या दिसल्या तर घाणे. केटररला हा आकडा त्याच रात्री, हिशेब चुकता करतानाच सांगावा.