संधाता, स्प्लायसर आणि ओटीतला माणूस : 'तंत्रज्ञ' शब्दाची पार्श्वभूमी

प्रवेशाचे दिवस आले की तीन अभ्यासक्रमांची नावं एका दमात घेतली जातात : वेल्डिंग, ऑप्टिकल फायबर आणि ऑपरेशन थिएटर (ओटी) टेक्निशियन. तिन्हींना 'तांत्रिक कोर्स' म्हणतात. तिन्ही घडले मात्र वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या गरजांतून. मुलांच्या हाती पडणाऱ्या कागदाची किंमत आज वेगवेगळी आहे, त्याचं मूळ तिथेच आहे.

वेल्डिंगची वाट सर्वांत जुनी. दुसऱ्या महायुद्धात युद्धकामासाठी तंत्रकुशल माणसं तयार करण्याची सोय झाली होती, फाळणीनंतर विस्थापितांना हाताला काम देण्याची गरज उभी राहिली. त्यातून १९५० साली देशभरात सुमारे ५० आयटीआय सुरू झाल्या. १९५६ मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि अभ्यासक्रम-परीक्षांसाठी राष्ट्रीय परिषद आली. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. आयटीआयच्या प्रशिक्षण योजनेच्या नावात शब्द होता 'कारागीर', आणि वेल्डरला सरकारी मराठीने नाव दिलं 'संधाता'. वर्कशॉपमध्ये त्या नावाने कुणी हाक मारत नाही, पण दारावरच्या पाटीवर ते असतं. आठवी पास मुलासाठी एक वर्षाचा कोर्स, वर्षाअखेरी राष्ट्रीय प्रमाणपत्र. स्वतःला तंत्रज्ञ म्हणवून घेण्याची गरज संधात्याला कधी पडली नाही.

२०१३ मध्ये आयटीआयला सेमिस्टर पद्धत आली आणि २०१८ मध्ये गेली. एक वर्षाच्या कोर्सचे दोन तुकडे केल्याने परीक्षेची तयारी वर्कशॉपच्या वेळेतूनच वजा होत होती. ती गेली हे बरं झालं. पुढे २०२२च्या सुधारणेत वर्षाचे १६०० तास १२०० वर आले, त्यात प्रात्यक्षिकाचे १००० होते ते ८४० झाले. कारखान्यात प्रत्यक्ष कामावरचे १५० तास वेगळे जोडले गेले. कागदावर प्रात्यक्षिकाची बेरीज जवळपास जुळते. पण नव्या मुलाचा रॉड पहिले कित्येक दिवस प्लेटला नुसता चिकटत असतो. होल्डर झटकून तो सोडवायचा, पुन्हा आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत, धरायचा, अंतर सुटलं की आर्क तुटतो. वितळलेल्या धातूचा एकसारखा रन ओढायला लागल्यावर आणि चिपिंग हॅमरने स्लॅग, म्हणजे वरची खपली, काढल्यावर खाली जोडाचा स्वच्छ मणी दिसला, की हात बसला असं म्हणायचं. ही चिकटाचिकटी कुठलाही कारखाना आपल्या मालावर चालवून घेत नाही. तिची जागा संस्थेच्या बूथमध्येच आहे.

फायबरला असा वारसा नाही. देशातली टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. त्यानंतर बरीच वर्षं हे काम टेलिफोन खात्यातच शिकवलं जायचं. बाहेरच्या मुलासाठी दार उघडलं ते ऑक्टोबर २०११ नंतर, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाल्यावर. केबल टाकणाऱ्या ठेकेदारांना जोडणी करणारी माणसं तातडीने हवी होती. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत 'ऑप्टिकल फायबर टेक्निशियन' हा अल्पमुदतीचा कोर्स दिसू लागला. १२५ मायक्रॉनची तार सोलायची, अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने काटकोनात तोडायची आणि स्प्लायसरमध्ये ठेवायची. दोन टोकं समोरासमोर आणून वितळवण्याचं काम यंत्र करतं. तुटलेला काचेचा तुकडा डोळ्याला दिसत नाही आणि बोटात घुसला तर निघत नाही, म्हणून तो डबीत टाकण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावतात. काम नाजूक, कोर्स लहान. आणि हा मुलगा काही महिन्यांत 'टेक्निशियन' होतो.

ओटीत हाच शब्द गुंत्यात सापडला. ट्रॉली लावणं, हत्यारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालवणं, भूलयंत्र तपासणं, टाके घालण्याआधी सिस्टरांबरोबर रक्त टिपायचे मॉप आणि हत्यारं मोजणं ही कामं अनेक लहान रुग्णालयांत वर्षानुवर्षं अशी माणसं करत आली, जी वॉर्डबॉय म्हणून लागली आणि बघत बघत शिकली. दुसरीकडे पदविका आणि पदवीचे कोर्स निघाले. आणखी तिसरीकडे सहा-सहा महिन्यांची प्रमाणपत्रं वाटली जाऊ लागली. सगळ्यांच्या छातीवर पाटी एकच : 'ओटी टेक्निशियन'.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं शिक्षण हवं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं, असं त्यात आलं. वरच्या, म्हणजे आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या, गटासाठी ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. व्याख्येत 'टेक्निशियन किंवा टेक्नॉलॉजिस्ट' असे दोन्ही शब्द शेजारी बसले, अनुसूचीत मात्र ओटीतल्या माणसाला 'टेक्नॉलॉजिस्ट' म्हटलं गेलं. इंग्रजीत निदान दोन शब्द तरी आहेत. मराठीत आपण दोन्हींना 'तंत्रज्ञ' म्हणतो. त्यामुळे पदविकावाला, पदवीवाला आणि सहा महिन्यांचा कागद घेतलेला, तिघेही मराठी जाहिरातीत 'शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ' होतात. प्रवेश घेणाऱ्या मुलीला फरक कळतो तो पुढे नोकरीच्या अर्ज छाननीच्या टेबलावर, आणि तोवर घरच्यांनी फी भरलेली असते.

त्याच वर्षी जूनमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २६ राज्यांतल्या १११ केंद्रांवर एक लाख जणांना सहा कामांसाठी झटपट प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ती कामं सहाय्यकाची होती, तशीच नावंही दिली होती, आणि त्या दिवसांत माणसं लागतच होती. पण एकाच वर्षी कायदा दोन हजार तास मागतो आणि केंद्रं झटपट प्रमाणपत्र देतात, तेव्हा दोन्ही कागद एकाच रुग्णालयाच्या दारात येणार हे उघड होतं. यात कायद्याची बाजू मला बरोबर वाटते. पोटात राहिलेला मॉप मोजणीत पकडायचा असेल, तर मोजणाऱ्याचं शिक्षणही मोजलेलं असलं पाहिजे. मात्र ज्यांनी वीस-वीस वर्षं ती मोजणी न चुकता केली, त्यांना नुसतं तासांच्या हिशेबावर बाहेर काढणं अन्याय आहे. त्यांची परीक्षा ट्रॉलीसमोर उभं करून घेता येते, जशी संधात्याची प्लेटवर घेतात.