युवाल्डीची ७७ मिनिटं: पोलिस दाराबाहेर का थांबले, थोडी पार्श्वभूमी

युवाल्डीत काय झालं ते बहुतेकांनी वाचलेलं आहे, टेक्ससमधलं छोटं गाव, २४ मे २०२२, रॉब एलिमेंटरी शाळा, १९ पोरं आणि २ शिक्षिका गेल्या, हल्लेखोर वर्गात असताना पोलिस ७७ मिनिटं बाहेर थांबून राहिले, त्यामुळे तो घटनाक्रम पहिल्यापासून सांगत बसत नाही. पण २०२६ च्या जानेवारीत तिथल्या एका माजी शाळा-पोलिसाला ज्युरीने सगळ्याच्या सगळ्या २९ आरोपांतून मोकळं केलं, आणि इतकं सगळं कॅमेऱ्यात असताना माणूस सुटतो कसा हा प्रश्न परत वर आला. त्याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. १९६६ मध्ये ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी टॉवरवरून एकाने दीड तास गोळ्या झाडल्या, शेवटी साधे गस्तीवरचे पोलिस स्वतःच्या हिमतीवर वर चढले आणि त्याला मारलं. त्यानंतरच्या काळात मोठ्या शहरांत स्वॅटसारखी खास पथकं उभी राहिली. आणि हळूहळू नियम असा बसला की साध्या पोलिसाने परिसर घेरायचा, कोणाला आतबाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि तयारीची टीम येईपर्यंत थांबायचं. बँकेत ओलीस धरलेत किंवा कोणी घरात बंदूक घेऊन कोंडून बसलाय तर हे बरोबरच आहे, कारण तिथे जितका वेळ जातो तितका समोरचा थकतो आणि बोलणी जमू शकतात.

१९९९ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोत कोलंबाइन हायस्कूलमध्ये पोलिसांनी हेच केलं. हल्लेखोर दोघे तासाभरातच स्वतःला गोळ्या घालून मेले होते, पण बाहेर कोणाला पत्ता नाही, टीम एकेक खोली तपासत पुढे सरकत होती, आणि वरच्या एका वर्गात एक शिक्षक रक्तबंबाळ पडलेला. मुलांनी आपापले शर्ट काढून त्याच्या जखमा दाबून धरल्या, एकजण रक्त जाऊन मरतोय अशी पाटी लिहून खिडकीत लावली, फोनवरून सांगत राहिले. तीन तासांहून जास्त वेळाने पोलिस पोचले आणि तो शिक्षक वाचला नाही. बाकीच्या कुटुंबांचे पोलिसांवरचे दावे बहुतेक फेटाळले गेले, या शिक्षकाच्या कुटुंबाचा मात्र टिकला, आणि २००२ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

इथून ट्रेनिंग पूर्ण उलटं झालं. आता वाट बघायची नाही, पहिले चार-पाच पोलिस पोचले की आत, मग काही वर्षांनी दोघे असले तरी आत, आणि नंतर एकटा असलास तरी आत. हे शिकवणारं देशातलं सगळ्यात नावाजलेलं केंद्र २००२ मध्ये टेक्ससमध्येच सुरू झालं, युवाल्डीपासून काही तासांच्या ड्राइव्हवर, आणि २०१३ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने त्याच पद्धतीला देशाचं स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली. सूत्र साधं आहे, आधी मारणं थांबवा, मग मरणं थांबवा. म्हणजे बंदूकवाल्याला गाठायचं, आणि लगेच जखमींचं रक्त थांबवायचं. २०१२ च्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर सर्जन लोकांनीही हाच आग्रह धरला, टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातपाय आवळायचा पट्टा, पोलिसांच्या कमरेला आला, अँब्युलन्सवाल्यांनी पूर्ण ऑल क्लिअरची वाट न बघता पोलिसांच्या संरक्षणात आत जायचं हेही ठरलं.

ट्रेनिंग बदललं, कायदा बदलला नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका लहान मुलाच्या केसमध्ये सांगितलं की तिऱ्हाइताच्या हिंसेपासून नागरिकाला वाचवणं ही राज्यघटनेने सरकारवर टाकलेली जबाबदारी नाही. २००५ मध्ये तेच आणखी पक्कं झालं. ती केस पण कोलोरॅडोचीच, कोलंबाइननंतर दोनच महिन्यांनी घडलेली, कोर्टाची मनाई असताना बापाने तीन मुली पळवल्या, आई पोलिसांना परत परत विनवत राहिली, पोलिस हलले नाहीत, मुली मारल्या गेल्या, आणि कोर्ट म्हणालं की पोलिसांनी मनाई-हुकूम राबवावाच असा घटनात्मक हक्क त्या आईला नाही. मला हा सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. पोलिसाला शिकवायचं की जीव धोक्यात घालून आत जा, आणि नाही गेला तर राज्यघटनेच्या आधारावर त्याला जवळपास काहीच करता येत नाही.

आता युवाल्डीतला तो निर्णय, ज्यावर सगळं येऊन अडतं. हल्लेखोर ११:३३ ला आत शिरला. तीन मिनिटांत पोलिस आत होते, म्हणजे ट्रेनिंगप्रमाणे सुरुवात बरोबर झाली, हे विसरलं जातं. दोघे-तिघे दाराकडे गेले, आतून गोळ्या आल्या, दोघांना निसटत्या लागल्या, सगळे मागे फिरले. आणि मग काही मिनिटांतच त्या कॉरिडॉरमध्ये प्रसंगाचं नाव बदललं. शाळेच्या सहा जणांच्या पोलिस दलाचा प्रमुख तिथे होता, त्याच्याकडे रेडिओ नव्हता, मोबाइलवरून तो सांगत होता की माणूस खोलीत कोंडून बसलाय, स्वॅट पाठवा. बस, अ‍ॅक्टिव्ह शूटरचा, म्हणजे गोळ्या झाडत सुटलेल्याचा, झाला बॅरिकेड, म्हणजे कोंडून बसलेला. म्हणजे १९९९ च्या आधीचा नियम परत लागू, घेरा, थांबा, बोला.

प्रमुखाची बाजू अशी होती की आतून गोळीबार थांबलेला, रायफलची गोळी भिंत आणि साधं जॅकेट दोन्ही फोडते, आणि आधी बाकीच्या वर्गांतली पोरं खिडक्यांतून बाहेर काढायची होती. पोरं काढली गेली हे खरं आहे. पण बॅरिकेड हा प्रकार तेव्हाच असतो जेव्हा आत मरणारं कोणी नसतं. ही चालू दिवसाची शाळा होती, वर्ग १११ आणि ११२ मध्ये चौथीची पोरं होती, काहीच मिनिटांपूर्वी तिथे शंभराच्या आसपास गोळ्या झाडलेल्या. एका शिक्षिकेने स्वतःच्या नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं की मला गोळी लागलीय, तो नवरा शाळेच्याच पोलिसात, तो कॉरिडॉरमध्ये आला आणि त्याने ते सांगितलं, तर बाकीच्या पोलिसांनी त्याचीच बंदूक काढून घेऊन त्याला बाहेर नेलं. १२:०३ पासून आतली एक मुलगी ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन करत होती, खोलीत जखमी आहेत हे रेडिओवरही आलं. १२:२१ ला आतून परत चार गोळ्यांचे आवाज आले, पोलिस थोडे पुढे सरकले आणि परत थांबले. त्या क्षणी तरी बॅरिकेड म्हणायला काही जागा उरते का? माझ्या मते नाही उरत, आणि २०२४ च्या जानेवारीतल्या केंद्रीय न्याय खात्याच्या जवळपास ६०० पानी रिपोर्टनेही हीच सगळ्यात मोठी चूक म्हटली.

मग किल्ल्या. प्रमुख एक जुडगा घेऊन दुसऱ्याच दारावर किल्ल्या लावून बघत होता, त्या दारांना लागेल अशी मास्टर की हवी म्हणून. आणि १११ चं लॉक नीट बसत नाही हे शाळेत माहीत होतं, ते दार बहुधा लॉक नव्हतंच, पण हँडल फिरवून कोणी बघितलंच नाही. १२:५० ला सीमा पोलिसांच्या खास पथकाने दार उघडून हल्लेखोराला मारलं. तोवर तिथे वेगवेगळ्या वीसहून जास्त दलांचे मिळून ३७६ पोलिस जमले होते, राज्याचे, केंद्राचे, काउंटीचे, गावाचे, आणि प्रमुख कोण हे ठरलेलं नाही. शाळेच्या प्रमुखाने नंतर सांगितलं की आपण कमांडमध्ये आहोत असं त्याला वाटतच नव्हतं. बाहेर आईबापांना अडवून धरलं होतं, एका आईला तर बेड्या घातल्या. दार उघडलं तेव्हा काही जणांची नाडी अजून चालू होती.

याच जिल्ह्यात दोनच महिन्यांपूर्वी अ‍ॅक्टिव्ह शूटरचं ट्रेनिंग झालं होतं, त्यामुळे शिकवलंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी, सीमेजवळचा भाग असल्याने गाड्यांच्या पाठलागांमुळे शाळेत सारखे अलर्ट यायचे, लोकांना त्याची सवय झाली होती आणि त्या दिवशीचा अलर्टही काहींना तसाच वाटला.

नंतरचं जास्त चीड आणणारं आहे. पहिल्या दिवसांत राज्याच्या वरच्या लोकांनी पोलिसांच्या धाडसाचं कौतुक केलं, शाळेच्या पोलिसाने हल्लेखोराला बाहेरच अडवलं असं सांगितलं, शिक्षिकेने शाळेचं बाहेरचं दार उघडं ठेवलं असं सांगितलं. दोन्ही खोटं निघालं, त्या शिक्षिकेने दार ओढून बंद केलं होतं, लॉक लागलं नाही इतकंच. कॉरिडॉरचा व्हिडिओ जुलैत पेपरवाल्यांच्या हाती लागला तेव्हा लोकांनी डोळ्यांनी बघितलं, बॉडीकॅमचं बरंचसं फुटेज गावाने सोडलं ते थेट २०२४ च्या ऑगस्टमध्ये, तेही कोर्टात भांडल्यावर. प्रमुखाला २०२२ च्या ऑगस्टमध्ये काढलं. गावाने स्वतः नेमलेल्या चौकशीने २०२४ मध्ये गावच्या पोलिसांना क्लीन चिट दिली, कुटुंबं त्या बैठकीतून उठून गेली. त्यानंतर गावाने २० लाख डॉलरवर कुटुंबांशी तडजोड केली.

गुन्हा कोणता लावायचा हा पेच आधीच दिसला होता. फ्लोरिडात पार्कलँडला २०१८ मध्ये १७ जण गेले, तिथला शाळेचा सशस्त्र पोलिस इमारतीबाहेर आडोशाला थांबून राहिला. आत न जाणं हा गुन्हाच कायद्यात नाही, म्हणून सरकारी वकिलांनी मुलांची हेळसांड करणाऱ्या पालकांसाठीचं कलम त्याच्यावर लावलं, तो मुलांचा केअरगिव्हर होता असं मांडलं. २०२३ च्या जूनमध्ये ज्युरीने त्याला सोडलं. टेक्ससमध्येही तोच रस्ता धरला, २०२४ मध्ये फक्त दोघांवर आरोप, मुलांना धोक्यात टाकल्याचे, ३७६ पैकी दोघे. पहिला खटला, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या माजी शाळा-पोलिसाचा, टेक्ससमधल्याच कॉर्पस क्रिस्टी शहरात हलवला कारण युवाल्डीत निष्पक्ष ज्युरी मिळणं अवघड होतं. आरोप होता की हा माणूस पोचला तेव्हा हल्लेखोर अजून बाहेरच होता आणि याने त्याला गाठायचा प्रयत्न केला नाही, बचाव असा की त्याला तो दिसलाच नाही आणि इतक्या जणांच्या चुकीसाठी एकालाच धरलंय. ज्युरीला बचाव पटला.

मधल्या काळात २०२३ च्या मार्चमध्ये नॅशव्हिलच्या एका शाळेत गोळीबार झाला, ६ जण गेले, तीन त्यात लहान मुलं. तिथे पोलिस आवाजाच्या दिशेने खोल्या ओलांडत थेट वर गेले, पहिल्या फोननंतर साधारण १४ मिनिटांत हल्लेखोर संपला होता, आणि बॉडीकॅमचा व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी लोकांसमोर होता.