प्रमुख डोळा आणि नेमबाजीतील हात

प्रमुख डोळा आणि नेमबाजीतील हात : दोन्ही डोळे उघडे असताना एखाद्या वस्तूची दिशा ठरवायला मेंदू ज्या डोळ्यावर भिस्त ठेवतो, तो प्रमुख डोळा. लष्कर, पोलीस आणि एनसीसीत त्याला ‘मास्टर आय’ म्हणतात. बंदूक कोणत्या खांद्याला लावायची आणि पिस्तूल कोणत्या हाती द्यायचे, हे बहुधा शिकणाऱ्याचा हात पाहून ठरवले जाते. शिस्त, म्हणजे नेम, मात्र डोळा घेतो. हात आणि डोळा एकाच बाजूचे असले तर काही अडत नाही. उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा (किंवा उलट) नेमबाज असेल, तर त्याला रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) ‘क्रॉस डॉमिनंट’ म्हणतात आणि पुढचा सगळा खटाटोप त्याच्यासाठी असतो.

असे लोक वाटतात त्याहून खूप जास्त असतात. सुमारे ९० टक्के माणसे उजव्या हाताची असतात, पण उजवा डोळा प्रमुख असलेली जेमतेम दोन तृतीयांश. उजव्या हाताच्या माणसांतही साधारण तिघांपैकी एकाचा डावा डोळा प्रमुख निघतो. डावखुऱ्यांत निम्म्याहून थोड्या अधिक जणांचा. याचे कारण शरीररचनेत आहे. उजव्या हाताचा कारभार मेंदूचा डावा अर्धा भाग पाहतो आणि डाव्या हाताचा उजवा. डोळ्यांचे तसे नाही. प्रत्येक डोळ्यातून निघालेल्या तंतूंपैकी सुमारे निम्मे वाटेत बाजू बदलतात, म्हणून दोन्ही डोळ्यांची माहिती मेंदूच्या दोन्ही भागांत पोचते. त्यामुळे हात आणि डोळा यांची जोडी जुळलीच पाहिजे असे काही नाही. प्रमुख डोळा म्हणजे चांगल्या नजरेचा डोळा, हा समजही टाकून द्यावा. जास्त नंबर असलेला डोळा प्रमुख असल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

इटलीतील जामबातिस्ता देल्ला पोर्ता याने १५९३ मध्ये प्रकाशाच्या वक्रीभवनावर लिहिताना प्रमुख डोळ्याचे वर्णन केले, आणि त्याच्या नावाची चाचणी आजही वापरतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करायचा, बोट दूरच्या वस्तूच्या रेषेत आणायचे आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने पाहताना बोट वस्तूवरून हलत नाही, तो प्रमुख. दोन्ही तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट करून तिच्यातून लांबची वस्तू पाहायची आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे, ही दुसरी पद्धत. फट आपोआप प्रमुख डोळ्यापाशी येते. लहान मुलांना एकच डोळा मिटणे जमत नाही. त्यांना प्रशिक्षकाने समोर उभे राहून ‘माझ्या नाकाकडे बोट दाखव’ असे सांगावे आणि ते बोट मुलाच्या कोणत्या डोळ्याखाली येते ते पाहावे. चाचणी नाकासमोरच करायची. नजर फार बाजूला वळवली की त्या बाजूचा डोळा पुढाकार घेतो आणि उत्तर चुकते. काहींच्या बाबतीत दोन्ही डोळे जवळजवळ बरोबरीचे असतात आणि निकाल दर वेळी बदलतो. अशा वेळी एका चाचणीवर विसंबू नये. हे सगळे बोटांनी करायचे असते, हातात शस्त्र असताना नाही.

इंदूरमध्ये हा विषय पुस्तकी राहत नाही. शहरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या महूला इन्फन्ट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार आणि पिस्तूलपटू जितू राय हे याच युनिटमधले. बिजासनच्या बाजूला सीमा सुरक्षा दलाचे शस्त्रास्त्र व रणनीती विद्यालय आहे. त्यांची रेवती रेंज हल्ली गोळीबारापेक्षा जुलै २०२४ मध्ये एका दिवसात लावलेल्या लाखो रोपांसाठी जास्त ओळखली जाते, तो भाग वेगळा. पण शिकवणाऱ्यांच्या पिढ्यान्पिढ्या जवळपास असूनही शाळा-कॉलेजांतून पहिल्यांदा रेंजवर गेलेल्या मुलाला सहसा एकच प्रश्न विचारला जातो : लिहितोस कोणत्या हाताने? इंदूरच्या रामबागेतल्या किंवा टिळकनगरातल्या कितीतरी मराठी घरांत डावखुऱ्या मुलाला जेवायला आणि लिहायला उजवा हात लावला जातो; देवाचा प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नाही हे आजीचे शिकवणे तर सर्वांच्या ओळखीचे. असे मूल लिहिते उजव्या हाताने आणि चेंडू फेकते डाव्या हाताने. त्याला ‘लिहितोस कशाने’ विचारून खांदा ठरवणे म्हणजे घरच्या शिस्तीची चाचणी घेणे झाले. चेंडू फेकायला सांगावे, मग डोळा तपासावा आणि मगच बंदूक द्यावी.

डोळा आणि हात यांच्या बेबनावाची सर्वांत मोठी किंमत शॉटगनमध्ये मोजावी लागते. ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांत ११ सेंमी व्यासाची मातीची तबकडी हवेत उडते आणि नेमबाज तिच्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवून छर्रे झाडतो. शॉटगनला मागची माशी (नेम जुळवायची डोळ्याजवळची खूण) नसते. बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकलेल्या नेमबाजाचा डोळाच मागच्या माशीचे काम करतो. आता उजव्या खांद्यावर बंदूक असलेल्या माणसाचा डावा डोळा प्रमुख असेल तर काय होते ते पाहू. दोन डोळ्यांत सुमारे ६ सेंमी अंतर आणि डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत सुमारे १ मीटर धरले, आणि डाव्या डोळ्याने नळीचे टोक तबकडीच्या रेषेत आणले, तर नळी प्रत्यक्षात डावीकडे रोखलेली असते. ३० मीटरवर ही चूक पावणेदोन मीटरच्या आसपास जाते. तेवढ्या अंतरावर छर्ऱ्यांचा पसारा फार तर मीटरभर रुंद असतो. म्हणजे तबकडी साफ सुटते, आणि नेमबाजाला मात्र निशाणा अगदी बरोबर होता असे वाटत राहते. डावा डोळा प्रत्येक वेळी पूर्ण ताबा घेतोच असे नाही. कधी घेतो, कधी नाही, म्हणून काही तबकड्या फुटतात आणि दोष लक्षात यायला महिने लागतात. उजव्या हाताचा नवशिका सातत्याने तबकडीच्या डावीकडे मारत असेल, तर त्याचे पाऊल आणि खांदा दुरुस्त करत बसण्याआधी डोळा तपासावा.

रायफलमध्ये अडचण कमी असते, कारण गाल दस्त्यावर आणि डोळा मागच्या माशीच्या बारीक छिद्रामागे असतो. दुसऱ्या डोळ्याला लुडबूड करायला फारशी जागा नसते. मागच्या माशीला आडवी पट्टी लावून न वापरला जाणारा डोळा झाकला की बहुतेकांचे काम भागते. खांदा बदलण्याचा विचार केला तर वेगळाच प्रश्न येतो : शस्त्रे उजव्या हातासाठी घडवलेली असतात. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलचा बोल्ट (मागेपुढे सरकवायचा खटका) उजवीकडे असतो, इन्सास रायफलची रिकामी काडतुसे उजवीकडे फेकली जातात. डाव्या खांद्यावरून झाडणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरून ती गरम पितळेची नळकांडी जातात. म्हणून फौजेत उस्ताद लोक डाव्या डोळ्याच्या जवानालाही बहुधा उजव्या खांद्यावरच ठेवतात आणि ‘बायीं आँख बंद’ हा हुकूम त्याला पाळावा लागतो. एका हुकुमात सगळी पलटण बसवण्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. खेळाच्या रेंजवर ती घाई करण्याचे कारण नाही.

पिस्तूल सर्वांत क्षमाशील. हात लांब केलेला असतो, त्यामुळे डोके किंचित वळवले किंवा पावलांचा कोन थोडा बदलला की पिस्तूल दुसऱ्या डोळ्यासमोर येते. हात बदलण्याची गरज सहसा पडत नाही. पण बदलायचाच म्हटले तर तो बदलता येतो, हे हंगेरीच्या कारोली टाकाचने दाखवले. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले. आपल्याकडे अर्जुनाला सव्यसाची म्हणतात, पण त्याचा प्रमुख डोळा कोणता होता हे कथा सांगत नाही.

उपायांत एक डोळा घट्ट मिटणे सर्वांत सोपे आणि सर्वांत वाईट. मिटलेल्या डोळ्याच्या स्नायूंचा ताण उघड्या डोळ्यापर्यंत पोचतो, आणि आत येणारा एकूण उजेड कमी झाल्याने उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते. म्हणून नेमबाज डोळा उघडा ठेवून त्याच्यापुढे दुधी रंगाचा, उजेड येऊ देणारा ब्लाइंडर (छोटा पडदा) लावतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कपाळाच्या पट्टीवरून किंवा चष्म्यावरून पुढे येणाऱ्या अशा ब्लाइंडरची रुंदी ३० मिमीपेक्षा जास्त चालत नाही. काळी पट्टी टाळावी. शॉटगनवाले चष्म्याच्या काचेवर, प्रमुख डोळ्याला नळीचे टोक दिसते नेमक्या तेवढ्याच जागी, चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावतात. त्यामुळे तबकडी दोन्ही डोळ्यांना दिसते, खोलीचा अंदाज राहतो आणि ऐन क्षणी तो लुडबूड करणारा डोळा बाजूला होतो. यातले काहीच न वापरता शिस्त घेणारेही असतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साध्या चष्म्यात, दोन्ही डोळे उघडे ठेवून रौप्यपदक घेऊन गेला. मात्र त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता; नवशिक्याने तेथून सुरुवात करू नये.

खांदा बदलायचा की ब्लाइंडर लावायचा, याचे उत्तर वयावर आणि शस्त्रावर अवलंबून असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या अंगात अजून कुठलीच सवय मुरलेली नसते, त्यामुळे शॉटगन शिकायची असेल तर त्याला प्रमुख डोळ्याच्या खांद्यावर नेणे बरे. उजव्या खांद्यावर वर्षानुवर्षे काढलेल्याने आधी चिकटपट्टी लावून पाहावी. प्रमुख डोळा जन्मभर एकच राहतो असेही नाही. मोतीबिंदू वाढताना किंवा त्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो बदललेला आढळतो. त्यामुळे निवृत्तीनंतर पुन्हा रेंजवर येणाऱ्याने तरुणपणीच्या चाचणीवर न जाता ती पहिल्याच दिवशी नव्याने करावी.