मशीन एकच, वाफेतली औषधं दोन

निपाणी-चिकोडीकडे दम्याचा माणूस असलेल्या बऱ्याच घरांत वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, असतं. त्यामुळे खोकताना रक्त पडलं की घरचे घाबरून तेच लावतात. दवाखान्यातसुद्धा अशा पेशंटला कधी कधी वाफच देतात, मग गैरसमज पक्का होतो. मशीन तेच, मास्क तोच, पण आतलं औषध वेगळं.

घरच्या वाफेत बहुधा साल्ब्युटामॉल असतं. आवळलेली श्वासनळी ते सैल करतं, धाप कमी होते. रक्त थांबवणं हे त्याचं कामच नाही.

रक्तासाठी जे देतात ते ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ते पुढे आणलं. जखमेवर धरलेली गुठळी शरीर आपणहून विरघळवत असतं. हे औषध ते विरघळणं अडवतं. नवी गुठळी करत नाही, धरलेली टिकवतं. पाळीत फार जातं तेव्हा बायकांना याच औषधाच्या गोळ्या देतात, पण घरात आहेत म्हणून त्या कुटून मशीनमध्ये घालू नका. वाफेसाठी इंजेक्शनचं औषध वापरतात, तेही डॉक्टरांसमोर, कारण क्वचित त्यानेच श्वासनळी आवळते. दम्याच्या माणसाला हा धोका जास्त.

इस्रायलमधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४७ पेशंट होते. काहींना ५०० मिलिग्रॅम औषध दिवसातून तीनदा वाफेतून दिलं, बाकीच्यांना नुसत्या सलाईनची वाफ. पाच दिवसांत औषधवाल्यांपैकी ९६ टक्के जणांचं रक्त थांबलं, सलाईनवाल्यांपैकी ५० टक्के. आकडा बघून हरखून जाऊ नये, चाचणी लहान होती आणि दिवसात २०० मिलीहून जास्त रक्त पडणारे त्यात घेतलेच नव्हते. तेवढं पडत असेल तर वाफेची वाट न बघता गाडी काढा.

बेळगावात कॅज्युअल्टीत कन्नड सिस्टर पहिल्यांदा विचारतील, 'केम्मु का वांती?' वांती आपलीच, केम्मु म्हणजे खोकला. नीट आठवून सांगा. खोकल्याचं रक्त लालभडक, फेसाळ असतं; उलटीचं बहुधा काळपट, अन्न मिसळलेलं. रस्ता चुकला तर उपचारही चुकतो.

आणि वाफेने रक्त थांबलं तरी बेडका टीबीसाठी तपासायला द्याच. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते.