अंधाराने प्रकाशाचे काय केले नाही?

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय आणि यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात अंधारात चालणाऱ्यांना दिसलेला मोठा प्रकाश, हे वाचकांना ठाऊक असतेच. प्रकाशाची सरशी आणि देवाची कृपा यांची सांगड घट्ट बसली ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या, पहिल्या अठरा वचनांत. पाचव्या वचनात प्रकाश अंधारात प्रकाशतो, आणि अंधाराने त्याचे काहीतरी केले नाही. चौदा ते सतरा या वचनांत मूळ ग्रीकमधला ‘कृपा’ हा शब्द चारदा येतो आणि पुढे त्या शुभवर्तमानात तो पुन्हा येतच नाही.

घोळ आहे पाचव्या वचनाच्या क्रियापदाचा. अंधाराने जे केले नाही ते सांगणारे हे ग्रीक क्रियापद ‘कातालाम्बानो’ म्हणजे घट्ट धरणे. त्याला दोन फाटे फुटतात : समजून घेणे, किंवा गाठून ताब्यात घेणे. आपल्या ‘ग्रहण’ची हीच तऱ्हा. ज्ञान ग्रहण करतात आणि सूर्याला ग्रहण लागते! लॅटिन भाषांतरानेही दोन्हीकडे झुकणारा शब्द ठेवून हात झटकले. १६११च्या इंग्रजी भाषांतराने ‘समजले नाही’ला जवळ केले. १८८१च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात समासात बारीक टीप आली : ‘किंवा, जिंकले नाही’. ती टीप त्याच परंपरेतल्या नंतरच्या एका आवृत्तीत मुख्य मजकुरात चढायला १९४६ उजाडले.

फरक किरकोळ नाही. ‘समजले नाही’ म्हटले की वचन माणसाच्या आंधळेपणाबद्दलची खंत होते. ‘जिंकले नाही’ म्हटले की कृपा कुणाच्या समजुतीवर अडून राहत नाही. पहिल्या बाजूचा आधार अकरावे वचन : स्वकीयांनी त्याचा, म्हणजे येशूचा, स्वीकार केला नाही, आणि तिथले क्रियापदही त्याच धातूचे. पण बाराव्या अध्यायाच्या पस्तिसाव्या वचनात नेमके हेच क्रियापद अंधार वाटसरूला गाठतो या अर्थाने आहे. तिथे ‘समजणे’ बसवून पाहावे, म्हणजे निकाल लागतो. तिसऱ्या शतकातल्या एका भाष्यकारालाही अंधार पाठलाग करतो पण गाठू शकत नाही, असेच दिसले होते.

कृपा आधी की माणसाची इच्छा आधी, हा पाचव्या शतकातला वाद ५२९मध्ये गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, एका धर्मसभेने कृपेच्या बाजूने मिटवला. योहानाची प्रकाश-अंधाराची भाषा ग्रीक वळणाची, ही अभ्यासकांत रुजलेली समजूत मात्र १९४७पर्यंत टिकली. त्या वर्षी मृत समुद्राजवळच्या गुहेत ‘प्रकाशाचे पुत्र’ आणि ‘अंधाराचे पुत्र’ यांच्या युद्धाची हिब्रू गुंडाळी सापडली, आणि ही भाषा यहुदी घरातलीच असल्याचे दिसले.

उपासनेत याच्या उलट गंमत चालू होती. येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचा, म्हणजे ईस्टरचा, रात्रीचा जागरणविधी रोमन कॅथलिक परंपरेत कित्येक शतके शनिवारी सकाळी उरकला जाई. बाहेर लख्ख ऊन, आणि आत मोठी मेणबत्ती पेटवून ‘हीच ती रात्र’ असे गायचे. १९५१मध्ये हा विधी प्रायोगिक स्वरूपात रात्री परत नेला गेला आणि १९५६पासून तसाच बंधनकारक झाला. त्याच फेरबदलात त्या एका ज्योतीवरून जमलेल्या लोकांनीही आपापल्या मेणबत्त्या पेटवायच्या, असे ठरले.