नियम सांगावा, पण कधी?

'मी चित्र काढलं', 'मी रेघ काढली'. मराठी घरात वाढलेलं मूल हे सहज बोलतं. काढणारा तोच असूनही क्रियापद का बदललं, हे त्याला कुणी समजावलेलं नसतं. 'कर्मणी प्रयोग' हा शब्द त्याला भेटतो तो पुढे शाळेत.

मग नवी भाषा शिकणाऱ्यालाही नुसतं ऐकू द्यावं, व्याकरण कशाला? १९८०च्या दशकात अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी जवळपास हेच मांडलं. समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली की ती आपोआप मुरते. पाठ केलेले नियम फार तर आपलं बोलणं तपासायला उपयोगी पडतात.

याची मोठी कसोटी कॅनडात लागली. क्युबेकमधल्या इंग्रजीभाषक मुलांना १९६५पासून शाळेत फ्रेंचमधूनच शिकवायला सुरुवात झाली आणि ही पद्धत देशभर पसरली. या मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं. पण वर्षानुवर्षं ऐकूनही बोलताना नामांची लिंगं आणि क्रियापदांची रूपं चुकतच राहिली, हे भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवून दिलं.

असं का होतं, ते आपल्याच भाषेत पाहता येईल. मराठी शिकणारा माणूस 'त्याने चिठ्ठी लिहिली' हे शंभरदा ऐकतो आणि तरीही 'तो चिठ्ठी लिहिला' म्हणतो. 'चिठ्ठी' आणि 'लिहि' एवढ्यावर अर्थ लागतो, त्यामुळे 'ने' आणि 'ली' कानावरून निसटतात. अशा वेळी कुणी एका मिनिटात सांगावं: भूतकाळात असं वाक्य आलं की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. तेवढ्याने तो लगेच बिनचूक बोलेल असं नाही. पण त्या दिवसापासून त्याला 'ने' ऐकू येऊ लागतो, आणि माझ्या मते नियमाचं खरं काम हेच आहे. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकताना रोजनिशी ठेवली होती. वर्गात एखादं रूप शिकवलं गेलं की ते त्यांना बाहेर लोकांच्या बोलण्यात जाणवू लागे. मग ते त्यांच्या तोंडीही येई.

२००० साली नॉरिस आणि ऑर्तेगा या संशोधकांनी दुसरी भाषा शिकवण्यावरचे ४९ अभ्यास एकत्र तपासले. नियम उलगडून शिकवलेल्यांची प्रगती जास्त दिसली. मात्र यातल्या बऱ्याच चाचण्या नियम आठवणाऱ्यालाच सोप्या जाणाऱ्या होत्या. भरभर गप्पा मारताना काय होतं, ते त्यांतून फारसं कळत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. भाषाशास्त्रज्ञ मानफ्रेड पीनमान यांनी १९८४ साली जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांना शब्दक्रमाचा एक नियम शिकवून पाहिला. शिकण्याच्या ओघात त्या नियमाच्या लगेच आधीच्या पायरीवर पोचलेल्या मुलांनी तो उचलला. मागे असलेल्यांना शिकवून उपयोग झाला नाही.

म्हणून शिकणारा 'त्याने मुलीला पाहिली' म्हणाला, तर मला ती चूक आनंदाची वाटते. 'ने' आला, क्रियापदही कर्माच्या मागे गेलं. लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं, तसा त्याने नियम मनापासून लावला. कर्माला 'ला' लागला की क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही, 'पाहिलं' होतं, हे त्याला सांगायची वेळ आता आली आहे.