स्ट्राइक

स्ट्राइक या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ जोरात मारणं, आदळणं. पण मुळात हा शब्द बराच मऊ होता, जुन्या इंग्रजीत तो अलगद हात फिरवणं, घासणं अशा अर्थाने यायचा आणि त्याचा जर्मन भाऊ श्ट्रायखेन आजही कुरवाळणं, ब्रेडला लोणी लावणं, भिंत रंगवणं यासाठी वापरतात. मारणं हा अर्थ मागाहून चिकटला.

आपल्याला सगळ्यात जवळचा अर्थ म्हणजे संप. तो समुद्रावरून आलाय. 1768 मधे लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडं उतरवली, शीड खाली घेण्यालाही स्ट्राइकच म्हणायचे, म्हणून काम बंद पाडण्याला तेच नाव पडलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1908 मधे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस. आणि 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप, त्यात साधारण अडीच लाख कामगार होते, कितीतरी जण परत गिरणीत गेलेच नाहीत, गिरणगावात नुसतं ब्याऐंशी म्हटलं तरी पुरतं.

खेळात तर अर्थ उलटसुलट होतात. क्रिकेटमधे स्ट्राइक म्हणजे बॉल खेळायची पाळी, ओव्हरच्या शेवटच्या बॉलला सिंगल काढून ती राखायची. स्ट्राइक रेट बॅट्समनचा असेल तर 100 बॉलमागे रन आणि बॉलरचा असेल तर एका विकेटमागे किती बॉल, म्हणजे एकाचा जास्त चांगला तर दुसऱ्याचा कमी. बेसबॉलमधे मात्र बॅट फिरवून बॉल हुकला की स्ट्राइक, किंवा बॉल ठरलेल्या पट्ट्यातून गेला आणि बॅट हललीच नाही तरी स्ट्राइक, असे तीन झाले की आउट! मारण्याचा शब्द न मारल्याबद्दल. बोलिंगमधे पहिल्याच फेकीत दहाही पिना पडल्या की स्ट्राइक. कॅरममधला स्ट्रायकर आपल्या बोटांना चांगला माहितीय, नियमाने त्याचं वजन 15 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

शेअर बाजारात ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क, आणि तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक प्राइस, कारण इंग्रजीत सौदा ठरवायलाही हेच क्रियापद आहे. विमानाला पक्षी धडकला की बर्ड स्ट्राइक. भूगर्भशास्त्रात तर कोणी कोणाला मारतच नाही, खडकाचा तिरपा थर आडव्या सपाटीला जिथं छेदतो त्या रेषेची दिशा म्हणजे स्ट्राइक, आणि थराचा उतार तिच्याशी काटकोनात.